राखणदाराची राखण

मनुष्याने जे जे पशू आपल्या संसाराला जोडले, त्यांपैकी गाय गोठ्यात राहिली, घोडा पागेत राहिला, शेळी परड्यात राहिली. उंबरठा ओलांडून माजघरापर्यंत येण्याचा मान मिळाला तो मांजराला आणि कुत्र्याला, आणि त्यातही धन्याच्या पाठोपाठ घरभर हिंडण्याचा, त्याच्या पायाशी निजण्याचा अधिकार विशेषेकरून कुत्र्याचा. शहरांतील सदनिकांत तर आता अंगण उरले नाही आणि ओसरीही उरली नाही. त्यामुळे एके काळी दारात साखळीला बांधलेला राखणदार आज पलंगावर पहुडलेला दिसतो, आणि घरातील लहान मूल त्याच्या मानेवर डोके ठेवून झोपते. ही जवळीक मोठी सुखाची आहे. परंतु तिच्याबरोबर जी जबाबदारी येते, तिचा विचार आपल्याकडे व्हावा तितका होत नाही. गोचिडी, पिसवा आणि जंत यांचे नाव काढताच सुसंस्कृत माणूस नाक मुरडतो, पाहुण्यांसमोर हा विषय वर्ज्य मानतो, आणि कुत्रे खाजवू लागले म्हणजे त्याला आंघोळ घालून आपले कर्तव्य संपले असे समजतो. या संकोचापायी प्रतिवर्षी कितीतरी गुणी जनावरे सहज टाळता येण्याजोग्या दुखण्यांनी दगावतात.

पशुवैद्यांशी बोलताना आणि या विषयाचा इतिहास चाळताना एक गोष्ट माझ्या मनावर पुनःपुन्हा ठसली. कुत्र्याला छळणाऱ्या या परोपजीवी प्राण्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग कुत्र्याच्या अंगावर जातच नाही. तो जातो आपल्या भिंतींच्या भेगांत, आपल्या सतरंजीच्या धाग्यांत, आपल्या अंगणाच्या मातीत. तेव्हा कुत्र्याचे रक्षण करायचे ते घराचे आणि आवाराचे रक्षण करूनच होते, आणि ते दुखणे आल्यावर नव्हे, तर येण्यापूर्वी, नेमाने आणि वेळच्या वेळी करावे लागते.

दवाखान्यातील एक सकाळ

पावसाळा सरत आला की पुण्यातील पशुवैद्यांच्या दवाखान्यांत ताप आलेल्या कुत्र्यांची रीघ लागते. पेठेतल्या अशाच एका दवाखान्यात मी बसलो असताना मोती नावाचा तांबूस गावठी कुत्रा घेऊन एक वृद्ध बाई आल्या. दोन दिवस तो भाकरीला तोंड लावत नव्हता, आणि त्या सकाळी नाकातून रक्ताचे थेंब पडलेले पाहून बाईंचा धीर सुटला होता. डॉक्टरांनी प्रथम त्याचा ओठ उचलून हिरडी पाहिली; ती गुलाबी असावयाची, ती पांढुरकी पडली होती. मग पोटावरची विरळ केसांची कातडी उजेडाकडे करून पाहिली, तर तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले होते. कानाच्या पाळीला सुई टोचून आलेला रक्ताचा थेंब त्यांनी काचपट्टीवर पसरला, रंगवला, वाळवला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ वेळ शोधून झाल्यावर मला जवळ बोलावले. एका मोठ्या पांढऱ्या पेशीच्या उदरात, तुतीच्या फळासारखा दाणेदार, जांभळा असा एक लहानसा पुंजका दिसत होता. एर्लिकिया नावाचा जीवाणू तो हाच. हा पुंजका दर वेळी दृष्टीस पडतोच असे नाही. म्हणून रक्तातील प्लेटलेटची मोजणी आणि इतर तपासण्या यांवरच वैद्यांची पुष्कळशी भिस्त असते.

"अहो डॉक्टर, परवाच तर आंघोळ घातली त्याला," बाई काकुळतीने म्हणाल्या, "अंगावर एकसुद्धा गोचीड नव्हती हो!"

"आजी, अंगावर नव्हती म्हणजे ती घरात होती," डॉक्टर म्हणाले. "मोतीला औषध मी देतो, पण निम्मं औषध तुमच्या भिंतीला द्यावं लागेल."

त्याच दुपारी दवाखान्यातील कंपाउंडरबरोबर मी त्या घरी गेलो. जिन्याखाली मोतीचे अंथरूण होते, आणि ते धुतलेले, स्वच्छ होते. कंपाउंडरने त्याकडे पाहिलेही नाही. विजेरी घेऊन तो भिंतीवर वर वर पाहू लागला, आणि दाराची चौकट नि भिंत यांच्यामधल्या फटीत, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, त्याने सुरीचे बोथट पाते फिरवले. खाली धरलेल्या कागदावर तपकिरी रंगाच्या, मोहरीहूनही बारीक दाण्यांची चिकट रास पडली, आणि तिच्यालगत एक सुरकुतलेली, मेलेली मादी. बाई कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. त्या घराच्या स्वच्छतेत कसूर नव्हती. कसूर एवढीच की शत्रू कुठे मुक्काम करतो याची खबर त्यांना कोणी दिली नव्हती.

गोचिडीचा दिनक्रम

आपल्याकडे कुत्र्यावर जी तपकिरी गोचीड सर्रास आढळते, तिचे शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात. ते कुत्र्यावर चढते, पोटभर रक्त पिते आणि खाली उतरून एखाद्या भेगेत कात टाकते. आठ पायांचे होऊन ते पुन्हा चढते, पुन्हा पिते, पुन्हा उतरते. आणि पूर्ण वाढ झाल्यावर तिसऱ्या खेपेला चढते. या शेवटच्या खेपेला मादी फुगून करडी, टपोरी होते, आणि मग अंग सोडून भिंतीवर चढू लागते, कारण उंच जागी दडण्याची तिला उपजत ओढ असते. तेथे हजारांच्या संख्येने अंडी घालून ती मरते. उष्ण व दमट हवेत हा सारा फेरा दोन-तीन महिन्यांत पुरा होतो, आणि अन्नावाचून कित्येक महिने तग धरण्याची ताकद या क्षुद्र जिवात आहे. बंद करून ठेवलेल्या घरात माणसे परत येतात तेव्हा भिंतींतून उपाशी गोचिडी बाहेर पडतात, त्याचे कारण हेच.

एखाद्या दिवशी कुत्र्याच्या अंगावर दहा गोचिडी दिसल्या, तर त्या घरातील वस्तीचा तो अल्पसा हिस्सा समजावा. त्या दहा काढल्याने शिरगणती फारशी बदलत नाही. तथापि काढाव्या तर लागतातच, आणि त्या काढण्याचीही रीत आहे. बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ, सावकाश ओढावे. घासलेट ओतणे, उदबत्तीने चटका देणे, नखाने चिरडणे हे सर्व प्रकार घातक होत, कारण त्यांनी कुत्र्याची कातडी दुखावते आणि चिरडणाऱ्याच्या बोटाला रोगजंतू लागतात. काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये बुडवून मारावी. शोध घ्यावा तो कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि गळपट्ट्याखाली.

गोचीड रोग पसरवते हे ज्ञान फार जुने नाही. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकन संशोधकांनी १८९३ साली गुरांच्या टेक्सास तापाचे मूळ गोचिडीत असल्याचे दाखवून दिले. सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी डास आणि हिवताप यांचा संबंध शोधला तो त्यानंतर, १८९७ साली. कुत्र्यांच्या गोचीडतापाच्या इतिहासात तर आपल्या देशाचे नाव ठळकपणे येते. हेपॅटोझून हा परजीवी १९०५ साली हिंदुस्थानातच कुत्र्याच्या रक्तात ओळखला गेला. तो गोचिडीच्या दंशाने लागत नाही, कुत्र्याने गोचीड चावून गिळली म्हणजे लागतो. बॅबेसिया गिब्सनी हा रक्तातील तांबड्या पेशी फोडणारा परजीवी पॅटन यांनी १९१० साली मद्रासच्या शिकारी संघाच्या कुत्र्यांत प्रथम पाहिला, आणि पाठोपाठ तो कोल्ह्याच्या रक्तातही सापडला. आज कॉफीच्या रंगाची लघवी करणारे, हिरड्या पांढऱ्या पडलेले जे कुत्रे आपण दवाखान्यात नेतो, त्याच्या दुखण्याचा दाखला शंभर वर्षांहून अधिक जुना आहे.

एर्लिकियाची नोंद १९३५ साली अल्जीरियात झाली. पण त्याचा खरा धाक जगाला बसला तो व्हिएतनामच्या युद्धात. तेथे अमेरिकन सैन्याने तैनात केलेल्या लष्करी कुत्र्यांपैकी दोनशेहून अधिक या एका रोगाने गेली, आणि त्यांत जर्मन शेफर्ड जातीची संख्या मोठी होती. या रोगाची चाल कपटी असते. दंशानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप येतो, तो कित्येकदा आपोआप उतरतो, कुत्रे पूर्ववत दिसू लागते. जीवाणू मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, शरीरात दबा धरून राहतो आणि अखेर अस्थिमज्जेवर घाला घालतो. सुरुवातीच्या तापात योग्य औषधाने बहुतेक कुत्री बरी होतात. परंतु ते औषध साधारण चार आठवडे द्यावे लागते, आणि दोन-तीन दिवसांत ताप उतरून कुत्रे शेपूट हलवू लागले की मालक गोळ्या फडताळात ठेवून देतो. डॉक्टरांच्या मते या रोगाला सर्वात मोठी कुमक मिळते ती येथेच.

सिंधुदुर्गातील बांदा, दोडामार्ग या भागांत २०१६ पासून माकडताप आढळू लागल्यावर पुष्कळांनी धास्तीने घरची कुत्री रानात सोडून देण्याची भाषा केली. माकडतापाचा फैलाव करणारी गोचीड जंगलातली, निराळ्या जातीची असते. घरच्या कुत्र्याला हाकलून तो टळत नाही. याउलट कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीपासून माणसालाही अंगावर पुरळ उठवणारा एक ताप येऊ शकतो. म्हणजे कुत्र्याच्या गोचिडींचा बंदोबस्त करणे हे घरातील माणसांच्याही हिताचे आहे.

पिसवा आणि जंत

पिसवांची गोष्ट याच वळणाची आहे. अंगावर उड्या मारताना दिसतात त्या प्रौढ पिसवा. त्यांची अंडी केसांतून गळून सतरंजीवर, सोफ्याच्या शिवणीत, फरशीच्या सांध्यांत पडतात, आणि तेथेच अळ्या वाढून कोष विणतात. कोषातील पिसू महिनोन्‌महिने स्वस्थ पडून राहते आणि पावलांची कंपने जाणवताच बाहेर येते. ही पिसू कुत्र्याने खाजवता खाजवता गिळली की तिच्या पोटातील पट्टकृमीचे बीज त्याच्या आतड्यात रुजते, आणि मग शेपटीखाली तांदळाच्या दाण्याएवढे, वळवळणारे तुकडे दिसू लागतात. अशा वेळी जंताची गोळी द्यावी, पण पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात तीच कैफियत पुन्हा ऐकावी लागते.

जंतांपैकी गोलकृमी हा पिल्लांचा जन्माचा सोबती. आईच्या शरीरात सुप्त असलेल्या अळ्या गर्भावस्थेतच पिल्लात शिरतात. अंकुशकृमी दुधावाटे येतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. ढेरपोटे, निस्तेज कातडीचे पिल्लू पाहून "बाळसं धरलंय" असे कौतुकाने म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. ते बाळसे नसून जंतांचा भार असतो. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासूनच जंताचे औषध सुरू करावे लागते. आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि त्यानंतर जन्मभर दर तीन महिन्यांनी, असा सर्वसाधारण दंडक आहे. पिल्लांबरोबर त्यांच्या आईलाही औषध देणे विसरू नये.

गोलकृमीची अंडी विष्ठेतून ताजी पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. मातीत दोन-चार आठवडे मुरल्यावर ती संसर्गक्षम होतात आणि मग वर्षानुवर्षे टिकतात. बागेत खेळणाऱ्या मुलाच्या मातीच्या हातांवाटे ती पोटात गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोचतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरून तिच्याखाली नागमोडी, खाजरी रेघ काढीत जातात. बागा आणि किनाऱ्यांवरील वाळू या दृष्टीने नाजूक जागा होत. कुत्र्याची विष्ठा तत्काळ उचलणे हा शिष्टाचाराचा भाग आहेच. पण मुरण्यापूर्वीच अंडी दूर करण्याचा तो सर्वात स्वस्त नि खात्रीचा इलाजही आहे, हे ध्यानात घेतले तर पिशवी बरोबर नेण्याची लाज वाटणार नाही.

सर्वात गंभीर प्रकरण आहे ते एकायनोकॉकस या चिमुकल्या पट्टकृमीचे. जेमतेम अर्धा सेंटीमीटर लांबीचे हे कृमी हजारोंनी कुत्र्याच्या आतड्यात राहिले तरी कुत्रे धडधाकट दिसते. परंतु त्यांची अंडी मेंढीच्या पोटात गेली की यकृतात, फुप्फुसांत पाण्याच्या गाठी होतात, आणि माणसाच्या पोटात गेली तर त्याच गाठी वर्षानुवर्षे वाढून शस्त्रक्रियेपर्यंत पाळी आणतात. मेंढी कापल्यावर गाठींनी भरलेले काळीज कुत्र्यापुढे टाकले की फेरा पुरा होतो. माणदेशात, सोलापूर-सांगलीच्या पठारावर धनगरांच्या वाड्यांबरोबर कुत्री हिंडतात. कळपाचे रक्षण तीच करतात आणि कापलेल्या मेंढीचा टाकाऊ भागही बहुधा त्यांच्याच वाट्याला येतो. धनगराने कुत्र्याला मायेने घातलेला तो घास उकळून घातला, अथवा पुरून टाकला, तर एवढ्याने हे चक्र तुटते.

हे केवळ पुस्तकी बोलणे नाही, याची साक्ष आइसलँडने दिली आहे. मेंढपाळांच्या त्या बेटावर एकोणिसाव्या शतकात या गाठींचा इतका कहर होता की १८६३ साली हॅराल्ड क्राबे हा डॅनिश संशोधक तपासासाठी तेथे गेला. कुत्र्यांची आतडी तपासता चौथ्या हिश्श्याहून अधिक कुत्र्यांत त्याला हा कृमी मिळाला. पुढच्या वर्षी त्याची छोटी पुस्तिका बेटावरील घराघरांत वाटण्यात आली: कुत्र्याला कच्चे काळीज घालू नका, टाकाऊ अवयव जाळा वा पुरा, कुत्र्यांना जंतांचे औषध द्या. पाठोपाठ कायदे झाले, आणि राजधानी रेक्याविकमध्ये तर १९२४ पासून कुत्रे पाळण्यासच मनाई होती. ती साठ वर्षांनी, १९८४ साली, सैल झाली. त्या देशातून हा रोग नाहीसा झाला. प्रभावी औषधे हाती येण्याच्या आधी, मुख्यत्वे वाचता येणाऱ्या रयतेने सूचना पाळल्या म्हणून हे घडले. प्राझिक्वांटेलसारखी रामबाण गोळी आज तालुक्याच्या गावी मिळत असताना आपण हे करू शकत नाही असे म्हणायला जागा नाही.

औषध आणि तारतम्य

बाहेरून आणि आतून लागणाऱ्या परोपजीवींवर आज जी औषधे आहेत, त्यांतील सर्वात प्रसिद्ध म्हणजे आयव्हरमेक्टिन. जपानमधील मातीच्या एका नमुन्यात सातोशी ओमुरा यांना सापडलेल्या सूक्ष्मजंतूपासून ते निघाले, अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि या कामगिरीबद्दल दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हेच औषध कोली आणि तिच्याशी नाते असलेल्या काही जातींना जिवावर बेतते. त्यांच्यातील एका जनुकाच्या दोषामुळे ते मेंदूत साचते, हे २००१ साली उलगडले. गुरांसाठी आणलेले इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचण्याची जी वहिवाट आपल्याकडे आहे, ती या एका कारणासाठी तरी बंद व्हावी.

गेल्या दशकभरात तोंडावाटे द्यावयाच्या चवदार गोळ्या आल्या आहेत. त्यांपैकी काहींचा अंमल महिनाभर, तर काहींचा सुमारे तीन महिने राहतो. गोचीड चावते आणि मरते, अशी त्यांची रीत. म्हणून भेगा लिंपणे, अंथरूण कढत पाण्यात धुणे, केर काढताना कोपरे न सोडणे ही कामे गोळीने माफ होत नाहीत. काही कुत्र्यांत या गोळ्यांनी झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला आहे. अपस्माराचा पूर्वेतिहास असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत वैद्याला तो आधी सांगावा. मानेवर टाकावयाच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असते, ते मांजराला विष आहे. घरात दोन्ही प्राणी असतील तर ही हद्द कटाक्षाने पाळली पाहिजे. लसूण चारणे, डांबरगोळ्या अंथरुणात ठेवणे, शेतीचे कीटकनाशक पाण्यात कालवून अंगावर ओतणे या घरगुती तजविजींनी गोचिडीआधी कुत्र्याचाच जीव जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याखेरीज डासांवाटे पसरणाऱ्या हृदयकृमीची दक्षता घ्यावी लागते. तेथील पशुवैद्य वर्षातून एकदा रक्त तपासतात आणि प्रतिबंधक औषध दरमहा द्यायला सांगतात, ते चुकवू नये.

वेळापत्रक

जंतांच्या औषधाला तीन-तीन महिन्यांची मुदत लक्षात राहत नाही, ही तक्रार मी सर्वत्र ऐकली. आपल्या पंचांगाने यावर सोय करून ठेवली आहे. गुढीपाडवा, आषाढी एकादशी, दसरा आणि मकरसंक्रांत हे चार दिवस जवळजवळ त्याच अंतराने येतात. त्या त्या दिवशी घरच्या कुत्र्याचे वजन करून जंताचे औषध द्यावे आणि तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. पावसाळ्याच्या आरंभी आणि अखेरीस भिंतींच्या भेगा तपासाव्यात. फिरून आल्यावर पाच मिनिटे कान आणि बोटांची बेचकी पाहावीत. एवढ्या नेमाने बहुतेक संकटे दाराबाहेर राहतात, आणि त्याचा खर्च एका गोचीडतापाच्या उपचाराच्या मानाने नगण्य असतो.

पण एका घराने कितीही दक्षता घेतली, तरी गल्लीतील बेवारस कुत्रा गोचिडींनी लगडलेला असेल तर ती दक्षता अपुरी पडते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत जंतनाशन आणि लसीकरण यांची जबाबदारी पाळीव कुत्र्यांपुरती मालकावर, आणि रस्त्यावरील कुत्र्यांपुरती स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. नगरपालिकांच्या दफ्तरी नसबंदीचे आकडे नोंदले जातात. जंतनाशनाचा तपशील नागरिकांनी मागितला पाहिजे. मुंबईत परळ येथे १८८६ पासून पशुवैद्यक शिकवणारे महाविद्यालय ज्या राज्यात आहे, तेथे ज्ञानाची वाण नाही. वाण आहे ती मागणीची. आणि सरकारची वाट पाहत असतानाच, ज्या सोसायटीतील चार माणसे रोज सकाळी रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटे घालतात, त्यांनी वर्षातून चार वेळा वर्गणी काढून पशुवैद्याला बोलवावे आणि त्याच कुत्र्यांना जंताचे नि गोचिडींचे औषध द्यावे. ओळखीच्या हातून ती कुत्री औषध विनातक्रार घेतात, आणि त्या एका दिवसाने त्यांची आणि आपल्या घरातील कुत्र्याची, दोघांचीही पुढच्या तीन महिन्यांची सोय होते.